गावातली सगळी चर्च एका अर्जावर कशी आणायची, आणि मग सरकारी ऑफिसात कसं जायचं

आमच्या तालुक्याच्या गावात ख्रिस्ती दफनभूमीसाठी एकाच वर्षात पाच अर्ज गेले होते, पाचही आपल्याच लोकांचे. एकात जागा वीस गुंठे, दुसऱ्यात एक एकर, तिसऱ्यात नुसतं "सोयीस्कर जागा मिळावी", आणि एका पास्टरांनी तर थेट मंत्र्यांच्या नावे लिहिलं होतं. क्लार्कने पाचही कागद एकाच फाइलीत टाचले आणि मी चौकशीला गेलो तेव्हा म्हणाला, "काका, तुमच्यातलं खरं चर्च कुठलं ते आधी सांगा, म्हणजे पत्र कुणाला पाठवायचं ते कळेल." राग आला पण उत्तर सुचलं नाही. फाइल चार वर्षं तिथेच धूळ खात राहिली. ऑफिसचा दोष होताच, पण निम्मा आमचा होता.

त्यातून जे शिकलो ते लिहितोय, कुणाला आपल्या गावात करायचं असेल तर उपयोगी पडेल. मी वकील नाही, पाळकही नाही, मंडळीच्या कमिटीवर सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षं चपला झिजवलेला माणूस आहे एवढंच.

आधी काम धरा, ऐक्याचं नाव नंतर घ्या

आपण नेहमी उलटं करतो. डिसेंबरात "ऐक्य मेळावा" ठेवतो, स्टेज, शाल-श्रीफळ, सगळे पाळक एका रांगेत उभे राहून फोटो, आणि जानेवारीत कुणी कुणाचा फोन उचलत नाही. त्यापेक्षा एक काम धरा जे एकट्या चर्चला जमणार नाही आणि ज्यात कुणाच्या शिकवणुकीचा प्रश्न येत नाही. दफनभूमी ह्यासाठी सगळ्यात बरी, कारण मरण कॅथलिकालाही येतं आणि पेंटेकॉस्टलालाही.

आणि हे काम किती गरजेचं आहे ते २०२५ च्या जानेवारीत सगळ्यांनी बघितलं. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या छिंदवाडा गावात एका पाळकाचं निधन झालं, गावात पुरायला विरोध झाला, मुलगा हायकोर्टात गेला, मग सुप्रीम कोर्टात गेला, आणि तोवर वीस दिवस मृतदेह शवागारात. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांची मतं वेगवेगळी पडली आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटर लांबच्या, ख्रिस्ती लोकांसाठी ठरवून दिलेल्या जागेत दफन करा असा आदेश झाला. म्हणजे कागदावर ठरलेली जागा कुठे आहे ह्यावरच शेवटी गाडी आली. तुमच्या गावात अशी कागदावरची जागा आहे का ते आजच बघा. "आपण वर्षानुवर्षं तिथेच पुरतो" हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं.

शिकवण एक करायच्या नादाला लागू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला झालं, सहा वेगवेगळी चर्च एकत्र आली, पण त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती बरं का. म्हणजे चाळीस वर्षांवर. आणि एवढं करून अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अगदी शेवटी बाहेर पडलेच. मोठमोठ्या बिशपांना चाळीस वर्षं लागली तिथे तुम्ही-आम्ही तालुक्याला चहाच्या दोन मीटिंगांत बाप्तिस्म्याचा वाद मिटवणार आहोत का?

मग विश्वासाचा ह्यात संबंध काय असं आमच्याच एका तरुणाने विचारलं होतं. संबंध असा की योहानाच्या १७ व्या अध्यायात प्रभू येशू प्रार्थना करतो की ह्या सर्वांनी एक व्हावं, आणि का, तर जगाने विश्वास धरावा म्हणून. आपण एकमेकांशी कसे वागतो ते जग बघतंय हे त्या प्रार्थनेत धरलेलंच आहे. आमच्याकडे ते जग म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर बसलेला तो क्लार्क.

लोकांना एकत्र बसवायचं कसं

पत्र पाठवून काही होत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपने तर भांडणं लवकर होतात. दोन जणांनी, आणि ते दोघं वेगवेगळ्या चर्चचे असले पाहिजेत, प्रत्येक पाळकाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, काम सांगायचं. प्रत्येक चर्चची पद्धत वेगळी असते ते आधी माहीत करून घ्या, नाहीतर नुसते रुसवे. कॅथलिक फादरांना बिशप हाऊसला विचारावं लागतं आणि त्यांची बदली होते, म्हणून पॅरिश कौन्सिलचा एक गावातला माणूस सोबत धरा. सीएनआयमध्ये पाळकसाहेब हो म्हणाले तरी पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीच्या कमिटीचा ठराव लागतो. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) अधिकारी बदलतात पण कागद व्यवस्थित असतात, शिस्त आहे त्यांना. स्वतंत्र मंडळ्यांत पास्टर म्हणेल ती पूर्व, काम झटपट होतं पण उद्या मोडतंही तेवढंच झटपट.

मीटिंग रविवारी नको हे कळतं, पण शनिवारीही नको, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोकांचा तो शब्बाथ, आणि आम्ही पहिल्या दोन मीटिंगा शनिवारीच ठेवल्या आणि वर "ते येतच नाहीत, त्यांना ऐक्य नको" असं बोलत बसलो. जागा कुठल्याच चर्चची नको, सगळ्यात मोठ्या चर्चची तर अजिबात नको. शाळेचा हॉल किंवा कुणाचं अंगण चालतं.

प्रार्थना एकाने सुरुवातीला, दुसऱ्याने शेवटी, पुढच्या वेळी दुसरे दोघं. गाणं नारायण वामन टिळकांचं घ्या, ते सगळ्यांना पाठ असतं, कॅथलिक असो की पेंटेकॉस्टल. पण एकत्र प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेऊया असा उत्साह कुणाला आला तर तिथेच थांबवा. कॅथलिकांना ते इतरांबरोबर घेता येत नाही आणि मुक्तिफौजेत तर हा विधीच नाही, म्हणजे जे जोडायला घेतलं त्यानेच दोन जण बाहेर उभे राहतात.

खरं भांडण शिकवणीवरून नसतंच, ते असतं मेंढरं पळवण्यावरून. "आमची अमुक तमुक कुटुंबं तुमच्या प्रार्थनेला ओढली" हे प्रत्येक पाळकाच्या मनात असतं आणि कुणी बोलत नाही. आम्ही हे पहिल्याच मीटिंगला काढलं, अर्धा तास आवाज चढले, आणि मग लिहून घेतलं की ह्या कामातून ओळख झालेल्या घरी कुणी आपल्या चर्चचं आमंत्रण घेऊन जायचं नाही. सगळ्यांच्या सह्या. तो एक कागद नसता तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला वाटतं.

दुसरं भांडण सहीच्या क्रमावरून. चर्चच्या नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे घ्या, विषय संपला. तिसरं पैशावरून, म्हणून सुरुवातीला बँक खातं उघडूच नका, झेरॉक्सचा खर्च ज्याचा त्याने करावा.

आणि एक, जे आम्हाला फार उशिरा सुचलं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन असतो, त्यात वेगवेगळ्या चर्चच्या महिला मंडळांच्या बायका वर्षानुवर्षं एकत्र बसतात, कोण कुणाच्या चर्चमध्ये डबा आणणार हे सुद्धा त्यांचं ठरलेलं असतं. आम्ही पुरुष ऐक्य शोधत फिरत होतो आणि ते आमच्याच घरात पोळ्या लाटत होतं. सुरुवात त्यांच्यापासून करा, वेळ वाचेल.

लहान मंडळ्यांना फक्त सहीपुरतं बोलवू नका. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाढण्यात डावललं जातंय अशी कुरकुर झाली तेव्हा जे सात जण नेमले त्यांची नावं बघा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातात वाटप. आम्ही फाइल पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या सगळ्यात लहान मंडळीच्या माणसाकडे दिली, आणि त्याने ती जेवढी जपली तेवढी आमच्या कपाटात राहिली नसती.

सरकारसमोर कसं उभं राहायचं

आपल्यात दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो रोमकरांस पत्रात १३ व्या अध्यायात लिहिलंय की अधिकारी देवाने नेमलेले आहेत, मग अर्जफाटे कशाला, गप्प बसा, प्रार्थना करा. दुसरा म्हणतो सगळं सरकार आपल्या मुळावर उठलंय, ऑफिसात जाऊन उपयोगच नाही. दोघंही घरीच बसतात.

पण ते रोमकरांस पत्र ज्याने लिहिलं त्या पौलाचं वागणं बघा ना. फिलिप्पैत चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या त्यांना, तर हा म्हणतो आम्ही रोमी नागरिक आहोत, गुपचूप नाही जाणार, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले! यरुशलेमात चाबूक मारायच्या आधी त्याने नागरिकत्व काढलं, आणि शेवटी कैसराकडेच दाद मागितली. म्हणजे अधिकाऱ्याचा मान राखणं आणि आपला हक्क मागणं ह्यात त्याला काही विरोध दिसला नाही. "माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" हे वचन पण आहेच, पण ते प्रभूचं नाव घेऊच नका असं सांगितल्यावरचं आहे, घरपट्टीच्या नोटिशीवर वापरायचं नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांची तर सुरुवातच अर्जापासून आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालेलं, तेव्हा त्यांनी गव्हर्नर इव्हान नेपियनला पत्रं लिहून लिहून आपली बाजू मांडली आणि राहिले. त्यांच्याच मिशनचं काम पुढे १८३१ मध्ये नगरला सुरू झालं. आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच, आणि आपल्या समाजाने राखीव जागांचा आग्रह सोडून दिला. आपण ह्या देशात पाहुणे नाही. कलम २५ मध्ये जे लिहिलंय ते आपल्यालाही लागू आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्या अटींसकट, त्या अटीही वाचून जा.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. आम्ही काय केलं, रविवारी तहसीलदारांचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली, सगळ्या चर्चमध्ये. त्यांच्यावर काय परिणाम झाला देव जाणे, आमच्यावर मात्र झाला, कारण ज्याच्यासाठी सकाळी प्रार्थना केली त्याला सोमवारी शिव्या घालत जिना चढता येत नाही.

अर्ज

एक अर्ज, एकच विषय. दफनभूमीच्या अर्जात चर्चसमोरचा रस्ता, स्कॉलरशिप आणि नाताळची सुट्टी घुसवू नका.

सगळ्यात वजनदार कागद आपल्याच कपाटात असतो, दफनाचं रजिस्टर. प्रत्येक चर्चने मागच्या दहा वर्षांतले दफन मोजून काढायचे आणि एकत्र आकडा लिहायचा. "समाज मोठा आहे" ह्याला कुणी विचारत नाही, पण दहा वर्षांत एवढे दफन, सध्याच्या जागेत एवढी थडगी, जवळची दुसरी जागा एवढे किलोमीटर, असं लिहिलं की समोरचा पेन उचलतो. सोबत सध्याच्या जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड लावा. तो काढल्यावर धक्का बसायची तयारी ठेवा, बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या मिशनचंच नाव असतं.

आता ह्या सगळ्या लेखातली कामाची गोष्ट. जागा चर्चच्या नावाने मागूच नका. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावाने सार्वजनिक दफनभूमी म्हणून मागा, ख्रिस्ती समाजाच्या वापरासाठी. मृतांच्या अंत्यविधीची जागा बघणं हे नगरपरिषदेचं कायद्याने बंधनकारक काम आहे, उपकार नाही, आणि ग्रामपंचायतींना दहन-दफनभूमीसाठी जिल्हा परिषदेकडून जनसुविधा योजनेतून पैसे मिळू शकतात. शिवाय जागा कुठल्याच चर्चची नसली की "तुमचा माणूस आमच्या जागेत नको" हे वाक्यच संपतं, आणि क्लार्कच्या "खरं चर्च कुठलं" ह्या प्रश्नालाही अर्थ उरत नाही. फक्त गायरानावर बोट ठेवू नका, २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गायरान मिळणं फार अवघड झालंय, दुसरा सरकारी पड शोधा आणि ग्रामसभेचा किंवा नगरपरिषदेचा ठराव आधी करून घ्या.

भाषा साधी. "मायबाप सरकार" नको आणि "अन्यथा तीव्र आंदोलन" पण नको, निदान पहिल्या पत्रात तरी. वचनं लिहू नका, ती आपल्याला बळ द्यायला आहेत, तहसीलदारांना नाही. आणि आपली मतं किती आहेत हे चुकूनही लिहू नका.

जाताना तीन-चार जण पुरेत, पन्नास नको. बोलणारा एकच, फाइल धरणारा एक, आणि एक बाई असावीच, तिच्यासमोर आपली माणसंही कमी वाद घालतात. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नका. महिन्याने स्मरणपत्र. मग माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जावर काय कारवाई झाली एवढाच प्रश्न, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमची चार वर्षांची झोपलेली फाइल ह्या दहा रुपयांनी जागी झाली. तरी नाही हललं तर लोकशाही दिन आहे, अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो, तालुक्याला तिसरा सोमवार, कलेक्टर ऑफिसला पहिला.

बाकीची कामं, थोडक्यात

एकदा सगळे एकत्र बसायला लागले की बाकीचं सोपं जातं. पोलीस स्टेशनच्या शांतता कमिटीत आपला एक माणूस असू द्या, भांडण झाल्यावर पीआयना पहिल्यांदा भेटण्यापेक्षा गणपती आणि ईदच्या मीटिंगला आधी चहा प्यालेला बरा. कुठे प्रार्थनेत अडथळा आला तर त्या मंडळीच्या पास्टरबरोबर दुसऱ्या चर्चच्या दोघांनी जायचं, एकट्याला पाठवायचं नाही, तक्रार लेखी द्यायची, आणि फेसबुकवर व्हिडिओ टाकायचा तो वकिलाला विचारून.

ईस्टरच्या पहाटेची फेरी सगळ्यांची मिळून काढायची असेल तर परवानगी आधी घ्या, आणि स्पीकर सहाच्या आधी लावता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. आम्ही पहाटे टाळ आणि ढोलकीवर निघतो, स्पीकर मैदानात पोचल्यावर. त्याने मजा जास्तच येते खरं तर.

लग्न लावायचं लायसन्स १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली असतं. बिशपांच्या हातून दीक्षा झालेल्यांना वेगळं लागत नाही पण स्वतंत्र मंडळीच्या पास्टरला लागतं, आणि बऱ्याच जणांकडे नसतं, मग पुढे पासपोर्टच्या वेळी नवरा-बायको रडत येतात. जुन्या चर्चनी ह्यात लहानांना मदत करावी, टोमणे मारू नयेत. तसंच ट्रस्टची कमिटी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय ऑफिसला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद द्यायची. निवडणूक होऊन तो दिला नाही की दोन-दोन कमिट्या आपणच सेक्रेटरी म्हणून फिरतात, आणि अशा चर्चची सही अर्जावर घ्यायची कुणाची हा नवा घोळ.

निवडणूक आली की

उमेदवार रविवारी बरोबर उपासनेच्या वेळी येतो, पहिल्या बाकावर बसतो, आणि पाळकसाहेब हळूच "दोन शब्द" म्हणून माइक देतात. हे बंद करा. १९८८ चा कायदा आहे, धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामाला वापरता येत नाही, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. आणि धर्माच्या नावाने मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्यात गैरप्रकार आहे, २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी ते अजून कडक केलं, ती केस आपल्या सांताक्रूझची होती. कुणी आला तर येऊ द्या, उपासनेला बसू द्या, प्रार्थना करा त्याच्यासाठी, माइक नाही. प्रश्न विचारायचे असतील तर शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांना बोलवा.

दोन-तीन पाळकांनी "समाजाचा पाठिंबा" म्हणून परस्पर पत्र दिलं की तुमचं दोन वर्षांचं जमलेलं एका दिवसात मोडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मत ज्याचं त्याचं.

काही प्रश्न तालुक्याला आणूच नका. दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीत धरत नाहीत हा आमच्या नगर भागात घराघराचा प्रश्न आहे. १९५० च्या आदेशात फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आपण अजून बाहेर. पण तो तहसीलदारांच्या हातात नाही. तो आदेश निघाला त्या तारखेला, १० ऑगस्टला, काळा दिवस पाळायचा तो सगळ्यांनी मिळून पाळा, निवेदन राष्ट्रपतींच्या नावे कलेक्टरमार्फत द्या, आणि बाकी नागपूरच्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसकडे किंवा बिशपांच्या परिषदेकडे सोडा. दफनभूमीच्या फाइलीत ते मिसळलं की फाइल "धोरणात्मक बाब" म्हणून वर जाते आणि वरच राहते.

आम्हाला जागा मिळाली, मागितलेल्यापेक्षा थोडी कमी, नाल्याच्या बाजूला, पण मिळाली. कंपाउंड झालं, पाण्याची टाकी झाली, लोखंडी गेट बसलं. गेट बसायच्या आधी किल्ल्या तीन करून घ्या, एक नगरपरिषदेत, दोन वेगवेगळ्या चर्चच्या माणसांकडे. आम्ही एकच केली होती, आणि पहिल्याच दफनाच्या दिवशी किल्लीवाला लग्नाला श्रीरामपूरला.